तांब्याच्या पट्टीचा डूख

मी एक जुनी, तांब्याची, डूख धरून बसलेली पट्टी आहे. सकाळी जीभ खरवडतात ना, ती. मित्रांनो, शहाण्या वस्तू आपली शिकवण शेवटी सांगतात. मला तेवढा धीर नाही. आधीच सांगून टाकते: जे रोज तोंडात घालता, ते नंतर कुठं टाकता याचं भान ठेवा.

आता गोष्ट.

माजलगावच्या एका तांबटानं घागरीच्या उरल्या पत्र्यातून मला कापलं, कडा घासून बोथट केल्या, धनुष्यासारखं वाकवलं. दिंद्रुडच्या सुंदररावांनी मला घरी आणलं. न्हाणीजवळचा खिळा ही माझी जागा. दात घासून झाले की ते मला दोन्ही हातांत धरत आणि मागून पुढं ओढत.

खर्रर्र.

त्यांच्या ओकाऱ्यांनी गल्लीतली कुत्री जागी होत. तंबाखूचा, कांद्याचा, आदल्या दिवशीच्या शिव्यांचा थर मी काढायचे. "तांब्याची गोष्टच न्यारी," ते म्हणत. "जीभ कशी हलकी होती." त्या हलक्या जिभेनं ते सभा गाजवत. घरी आले की बायकोला, बायनाबाईंना, म्हणत, "तू गप बस."

मला रोज धुवायच्या बायनाबाई. चिंच-मीठ लावून उजळायच्या बायनाबाई. कौतुक मात्र जिभेचं.

मग एका सकाळी माझा आवाजच नाही.

पुतण्या अमरसिंहानं निळी प्लास्टिकची पट्टी आणली होती. "काका, हे भंगार कावून तोंडात घालता? जमाना कुठं गेला."

सुंदरराव हसले. त्यांनी मला तंबाखूच्या चुन्याच्या डब्यात खुपसलं, खाली बसलेला चुना उकरायला. ज्या जिभेला मी राखलं, तिनं माझ्यासाठी एक शब्द काढला नाही. मी हिरवी पडले. वाट बघत राहिले.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. सुंदररावांनी बायनाबाईंना उभं केलं. प्रचारसभेच्या सकाळी त्या म्हणाल्या, "मी बोलू का थोडं? पाण्याचं?"

"लोक हासतील. तू नुस्ते हात जोड. बोलायचं काम माझं हाय. गप बस."

एवढं बोलून ते जीभ खरवडायला बसले आणि निळी पट्टी कट्‌दिशी मोडली. फोन खांद्यावर दाबलेला, पलीकडे कुणाशी तरी मतांचं बोलणं चाललेलं. न बघताच त्यांनी हात पुढं केला. "जुनी आण गं."

बायनाबाईंनी मला डब्यातून काढलं. ओला चुना माझ्या कडेवरून ओघळत होता. त्यांनी तो पाहिला. पाण्याची बादली पायाशी होती. इतक्या वर्षांत न धुता त्यांनी मला कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

नका धुऊ, मी मनात म्हटलं. नका.

त्यांनी नाही धुतलं.

खर्रर्र.

सगळा चुना दिला मी, मित्रांनो. मागून पुढं, काही राखून न ठेवता.

संध्याकाळी सभेत सुंदररावांनी माईक हातात घेतला. चुन्यानं भाजलेली, तुपानं माखलेली, सुजलेली जीभ. "फंढू... फगि..." पुढं शब्द फुटेना. लोक खरंच हसले.

बायनाबाईंनी माईक काढून घेतला. सकाळपासून मी त्यांच्या कंबरेला खोचलेली होते, म्हणून पुढचं शब्दन्‌शब्द सांगते.

"हात जोडून झाले," त्या म्हणाल्या. "आता ऐका. नळ आला, पाणी आलं न्हाई. घागर मी उचलते, भाषण हे करतात. आज ह्यांना बोलता येईना. मंग घागर तरी उचलतेत का, इचारा."

मागच्या बाया टाळ्या वाजवत उठल्या.

त्या सरपंच झाल्या. मी पुन्हा खिळ्यावर आले, चिंच-मिठानं लखलखीत. सुंदरराव आता मला स्वतः धुतात, दोनदोनदा, कडा बोटानं चाचपून. तरी जिभेवर ठेवण्याआधी घरात बायकोकडं बघून विचारतात, "हिला काय लावलं न्हाई नव्हं?"

बायनाबाई गप बसतात.