बारा मिनिटांचा पूल

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. एका मोठ्या शहराचा, सोळा घड्यांचा, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. जुना म्हणजे किती, तर चौदा वर्षांचा. तुमच्यात चौदा म्हणजे मिसरूडसुद्धा न फुटलेलं वय, पण आमच्यात चौदा म्हणजे पार म्हातारा. मला हे तेव्हा माहीतच नव्हतं ना! सगळा घोळ तिथेच झाला. सांगतो, सगळं सांगतो, पण पहिल्यापासून सांगू द्या.

माझा जन्म छापखान्यातला. आधी निळा रंग चढला, म्हणजे नदी. मग पिवळा, म्हणजे मोठे रस्ते. शेवटी काळा, म्हणजे नावं. नावं आली आणि मला एकदम अक्कल आल्यासारखं वाटलं! घड्या घालायला एक बाई होती. लाकडी पट्टीनं घडी दाबायची आणि म्हणायची, "घडी नीट बसली की नकाशा जन्मभर पुरतो." मी ते खरं मानलं.

माझा पहिला मालक ट्रक ड्रायव्हर. सात वर्षं मी त्याच्या गाडीत राहिलो, त्याच्या मांडीवर उघडलो, चहाचे डाग खाल्ले. आणि काय कौतुक करायचा म्हणून सांगू! धाब्यावर मला टेबलावर पसरायचा आणि म्हणायचा, "ह्याच्या जिवावर त्या शहरात मी एकदाही चुकलो नाही." माझी छाती अशी फुगायची! पुढे त्याचा मार्ग बदलला, तेव्हा त्यानं मला आपल्या ताईच्या घरी दिलं. ताईच्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, कधी गेलातच तिकडे तर हा घ्या. हुकमाचा एक्का आहे."

मग मी बरीच वर्षं कपाटात. वर बिलं, खाली टॉर्च. गेल्या वर्षीपर्यंत कुणी हातसुद्धा लावला नाही.

आता ही ताई आणि दाजी, त्यांना आपण काकू आणि काका म्हणू. काका पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. काकू तीस वर्षं कापड गिरणीत माग चालवायची. एका खोलीत दोनशे माग खडखडत असले की कुणाचं काही ऐकू येतं का? तिथल्या सगळ्याजणी ओठ बघून बोलायच्या. चार मागांपलीकडून एकीनं नुसते ओठ हलवले की दुसरी पोट धरून हसायची. इतकी सवय! त्यामुळे काकूचे कान कधी गेले ते घरात कुणाला कळलंच नाही. ती समोरच्याचे ओठ वाचायची आणि बरोब्बर उत्तर द्यायची.

एके दिवशी काका मोरीचा पाइप काढत पाठमोरे बसले होते. "पाना दे गं," म्हणाले. एकदा, दोनदा, तीनदा. मग वळून म्हणाले, "रागावलीस का?"

"मी? कशाला?"

झालं. कानाचे डॉक्टर झाले, यंत्र झालं. उजवा कान संपलेला, डाव्यात थोडं उरलेलं. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, वर्ष, सहा महिने, सांगता येत नाही.

त्या रात्री जेवताना काकू म्हणाली, "मला त्या शहरातल्या मनोऱ्याच्या घंटा ऐकायच्यात." चोवीस घंटा, दर शनिवारी दोनदा, बाराला आणि चारला, माणसं हातानं दोर ओढून वाजवतात. सहा वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं एकदा ऐकल्या होत्या.

आणि काकांना काय हवं होतं माहितीये? त्याच शहरात, नदीच्या अलीकडे, जुनं बंबघर, म्हणजे पाण्याचा पंप चालवायची जागा. दीडशे वर्षांचं वाफेचं इंजीन, महिन्यातून एकाच शनिवारी पेटवतात. अकराला जाळ, बाराच्या ठोक्याला चाक हलतं, साडेतीनला थंड. नोकरी लागली तेव्हापासून काका त्याचं नाव काढत होते.

मग मी बाहेर आलो! टेबलावर पसरलो, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. अहाहा!

"चार तास इंजीन बघायचं?" काकू म्हणाली. "आपलं लग्न पाऊण तासात उरकलं होतं!"

"लग्नाला तिकीट नव्हतं."

"असतं तर तुम्ही आलाच नसतात."

"आणि तुझ्या घंटा वीस मिनिटं. वीस मिनिटांसाठी मी चार तास रेल्वेत बसू?"

"तीस वर्षं तुमच्या पंपाचं पुराण ऐकलंय मी. कान त्यानंच गेले असतील."

काका उगीचच कोपऱ्यावरची वाटी सरकवायला लागले. काकूनं जीभ चावली. चेष्टेत निघून गेलं होतं हो तोंडातून.

त्यांची मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "सोप्पं आहे. आधी बाराला घंटा ऐका, मग आरामात इंजीन बघा."

"अगं, चालू यंत्र तर मी रोज बघतो," काका म्हणाले. "थंड चाक पहिल्यांदा हलतं ना, ते बघायचंय."

"असू दे," काकू म्हणाली. "माझं चारला होईल."

मग काकांनी दोरा घेतला आणि माझ्यावर ठेवून मोजलं. बंबघर ते मनोरा, मधे नदी, नदीवर पायी जायचा पूल, माझ्या अंगावर बारीक तुटक रेघ. नऊशे मीटर. "बारा मिनिटं!" काका म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, फोनवर एकदा बघून घ्या ना." तर म्हणतात कसे, "फोनवर बोट लागलं की गाव पळतं. हा बघ, जागचा हलत नाही." मित्रांनो, मी इतका खूश झालो होतो! घडीघडीत खूश!

शनिवार उजाडला. बंबघरात मोठं लोखंडी चाक हललं आणि काकांचा चेहरा असा झाला की काय सांगू, लहान पोर. काकू त्यांच्याकडेच बघत होती, इंजिनाकडे नाही. मग ते तिथल्या मिस्त्रीशी झडपांबद्दल बोलत बसले. दोन वाजले. अडीच वाजले. काकूनं बाही ओढली. "निघू या ना." काका म्हणाले, "अगं, बारा मिनिटांचा पूल. जरा थांब." तीन वाजले. काकूनं परत बाही ओढली नाही.

निघाले तेव्हा तीन पस्तीस. नदीवर आले तर समोर पत्रे लावलेले, पलीकडे पाण्यात दोन दगडी खांब. वर काहीच नाही.

एक माणूस गळ टाकून बसला होता. काकांनी विचारलं, "पूल कुठाय हो?"

"पूल? पाडून सहा वर्षं झाली. मोठा पूल आहे ना तिकडे, दोन किलोमीटर."

काकांनी मला उघडलं. तुटक रेघ होती तिथेच होती. ट्रकवाला मला सात वर्षं वाखाणत होता खरा, पण ट्रक कधी पायी जायच्या पुलावरून गेलाय का? ती रेघ कधी कुणी तपासलीच नव्हती, आणि पूल गेला तेव्हा मी कपाटात होतो. मलाही कधी तिची शंका आली नव्हती. काकांनी मला कसंतरी दुमडून खिशात कोंबलं.

पळाले दोघं. काकूचा गुडघा दुखत होता तरी पळाली. टॅक्सी मिळाली ती चारला दहा कमी असताना. मोठ्या पुलावर गाड्याच गाड्या, हलायला तयार नाहीत. आणि मग, मित्रांनो, घंटा सुरू झाल्या. लांबून, हॉर्नच्या वरून. काकांनी ऐकल्या.

काकूनं त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "सुरू झाल्या का हो?"

काका म्हणाले, "नाही. अजून नाही."

पोचले तेव्हा चौकातली गर्दी पांगत होती. एक बाई मुलाचा स्वेटर घालत होती. काकू मनोऱ्याखाली उभी राहिली, मान वर करून.

"पुढच्या शनिवारी येऊ," काका म्हणाले. "नक्की. सकाळीच येऊ."

काकू म्हणाली, "पुलावरच कळलं मला. ओठ नाही म्हणत होते, पण तुमची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती." मग म्हणाली, "कशा होत्या?"

पंपाबद्दल तासभर बोलणारा माणूस, पण एक शब्द सुचेना.

पुढचा शनिवार आलाच नाही. गुरुवारी काकूला ताप आला, रविवारी उतरला. सोमवारी सकाळी किटली शिट्टी मारत होती, मारतच होती, आणि काकू तिला पाठ करून भांडी पुसत होती. पाणी आटलं, किटली काळी पडली. मुलीनं धावत येऊन गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, आता डावाही गेला.

काकांनी मला फाडलं नाही. फाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझी घडी घातली आणि डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं. वर्ष झालं त्याला. माझ्या पाठीवर आख्खं कपाट आहे, नदी पार चेपून गेलीये. इथून मला चपला दिसतात, काकांच्या. एक शब्द बोलायचा असला तरी ते उठून टेबलाला वळसा घालून काकूसमोर येऊन उभे राहतात. कधीकधी नुसतेच उभे राहतात. पंपाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलेलं नाही. काकूच कधी विचारते, "आज दाब किती होता?" ते आकडा तेवढा सांगतात.

मित्रांनो, माझे कोपरे दुमडू नका, मला ओलं करू नका, हे मी सांगायला हवं. सांगत नाही. मी एवढंच मागतो, की माझ्यावरची रेघ बघितलीत तरी निघण्याआधी तिथल्या एखाद्या माणसाला विचारा. आणि दोघांचा दिवस ठरवायला बसलात की वेळ अर्धा अर्धा वाटू नका. ज्याच्याकडे दिवस कमी उरलेत त्याचं आधी ठेवा, आणि त्यानं बाही ओढली की पहिल्यांदाच उठा.