काचवाल्याच्या गाडीचा उजवा आरसा

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो. जुनी म्हणालात तर राग नाही, पण खटारा म्हणालात तर खपवून घेणार नाही. अर्ध्या गावाच्या खिडक्यांच्या काचा माझ्या पाठीवरून गेल्या आहेत आणि त्यातली एकसुद्धा माझ्यामुळे तडकली नाही. आज माझी उजवी बाजू चेपलेली आहे. काचेच्या दुकानामागच्या अंगणात मी स्टँडवर उभी असते. ही बाजू कशी चेपली, तेच सांगायचे आहे. जेव्हा सांगायला हवे होते तेव्हा मी खूप ओरडले, पण ते कोणाला कळले नाही. आता तरी कान देऊन ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. कोणी चाक बसवले, कोणी तारा ओढल्या, कोणी टाकीला काळा रंग दिला. सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या हँडलवर दोन आरसे बसवले. ते आरसे साधे नव्हते, पुढून किंचित फुगीर होते. त्यात मागचा रस्ता लहान दिसे, पण सगळा दिसे. परातभर रस्ता बशीत वाढल्यासारखा. तेव्हा त्या फुगीरपणाची किंमत मला कळली नव्हती. नवी होते ना, सगळे लक्ष रंगाकडे.

मला घरी आणले एका काचवाल्याने. माणूस लाखात एक. त्याने आखून कापलेली काच चौकटीत अशी बसे की वर बोटाने दाबावीसुद्धा लागत नसे. माझ्या मागे त्याने लाकडी घोडी बांधली होती. तिच्यात गोणपाटात गुंडाळलेल्या काचा उभ्या राहात. त्या गोणपाटाआड माझ्या दोन्ही आरशांतला मागचा रस्ता झाकला जाई, म्हणून वळायच्या आधी तो मान पार खांद्यापर्यंत फिरवून मागे बघे. हळू चाले, लांबूनच ब्रेक लावी. मागचा कोणी हॉर्नवर हॉर्न देऊ लागला की म्हणे, "वाजव बाबा, तुझं पोट त्यानेच भरत असेल." आणि बाजूला होऊन त्याला वाट देई. रस्त्याला बापाची जहागीर न समजणारी माणसे तेव्हाही थोडीच होती.

मग एकदा एका अरुंद गल्लीत उभ्या मोटारीचे दार धाडकन उघडले आणि माझा उजवा आरसा फुटला. घरी आल्यावर त्याची बायको म्हणाली, "बाजारातून दुसरा आणा."

"काचवाल्याच्या गाडीला विकतचा आरसा?" तो म्हणाला. "उद्या विकतचं नाक आणायला सांगशील."

त्याने फुटक्या आरशाचा मोठा तुकडा घेतला आणि त्यावर आपली पोलादी पट्टी टेकवली. पट्टी मध्ये टेकली आणि दोन्हीकडे डुगडुगली. सपाट काच हाताळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते बघवेना.

"बघ, पोट आलंय याला. असा माल गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने माझ्याच डोक्यात घातला असता. हे असं सगळं बारीक आणि वाकडं दाखवतं. आरसा कसा हवा? जसं आहे तसं दाखवणारा."

कपाटाला लावून उरलेल्या आरशातून त्याने तुकडा कापला, कडा घासून मऊ केल्या आणि तो जुन्या चौकटीत बसवला. काम देखणे झाले होते, खोटे कशाला बोलू. बायकोला बोलावून म्हणाला, "बघ, नाक सरळ दिसतंय की नाही?"

"नाक बघायला घरात आरसे काय कमी आहेत?" ती म्हणाली आणि आत गेली.

झाले. तेव्हापासून माझा डावा डोळा सगळे बघणारा आणि उजवा मोजकेच बघणारा. सपाट आरशात थेट मागचे मोठे आणि सुबक दिसे, पण उजव्या खांद्याशी आलेले त्यात मावतच नसे. काचवाल्याला त्याचा फरक पडला नाही. तो मुळी आरशात बघतच नव्हता, मान वळवून बघत होता. म्हणून त्याच्या हयातभराच्या कौशल्यातली ही एकच चूक कोणाच्या नजरेला आली नाही.

पुढे त्याची पाठ धरली. काचा पोचवायला त्याने टेम्पो ठरवला, आणि गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापे घ्यायचे काम त्याच्या मुलीकडे आले. घरात तिला ठिणगी म्हणत. लहानपणी ती पटकन पेटायची म्हणून. माझी घोडी सोडवली गेली आणि ठिणगी माझ्यावर बसली.

मित्रांनो, या पोरीच्या नावाने मी एक शब्द वावगा ऐकून घेणार नाही. ती वेडीवाकडी चालवणारी नव्हती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितल्याशिवाय ती किक मारत नसे. सिग्नलला माझ्या आसपासचे शहाणे लाल दिव्यातच बुंगाट सुटत, तेव्हा ती पाय टेकून उभी राही. वळताना दिवा लावी. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, आरशात बघे. बापाने बनवलेल्या आरशात. तिचा त्यावर देवासारखा विश्वास होता, आणि तिच्या मागे गोणपाटही नव्हते की मान वळवावी लागेल.

पहिल्यांदा तो सायकलवाला. ती उजवीकडे सरकली आणि तो थेट तिच्या कोपराशी निघाला. त्याने शिव्या घातल्या, तिने माफी मागितली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, आज एक सायकलवाला जमिनीतून उगवला."

"आरशात बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं. रिकामं होतं."

"मग त्याचीच चूक. लोक कुठूनही घुसतात."

नंतर एक रिक्षा उगवली. मग शाळेची बस उगवली, आणि त्या वेळी माझ्या हँडलला तिचा पत्रा चाटून गेला. प्रत्येक वेळी घरात तेच बोलणे: रिकामे होते, घुसला. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय. जो दिसला नाही तोच चुकला, असा त्या घराचा कायदा झाला.

मला मात्र सगळे समजत होते. माझ्या उजव्या अंगाला कोणाच्या इंजिनाची धग लागे, चाकांची धूळ लागे, आणि वर तो गुळगुळीत आरसा शांतपणे झाडे दाखवत असे. पोरी, आहे गं तिथे कोणीतरी, मागे वळून बघ, असे मी किती वेळा म्हणाले असेन. पण माझे बोलणे म्हणजे फटफट. मला हॉर्न आहे, पण तो दाबायला अंगठा माणसाचा लागतो. जिवाचा असा कोंडमारा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, थरथरणे. तेवढे मी केले. खड्डा आला की अंगातली सगळी थरथर त्या आरशाच्या नटावर काढायची. शेवटी नट सैल झाला आणि आरसा मान टाकून लोंबू लागला. मला वाटले, सुटले. आता हा काढतील, नवा आणतील. काचवाला पाठीवर हात ठेवून अंगणात आला, पाना घेतला, आणि नटाखाली एक वायसर जास्त घालून त्याने तो असा आवळला की मी किती हादरले तरी हलेना.

"आता जन्मात पडायचा नाही," तो म्हणाला.

आणि तो पडला नाही.

त्या दिवशी उन्हाची तिरीप होती. ठिणगीच्या खांद्याला मापाची टेप असलेली पिशवी होती. रस्ता रुंद होता. पुढे डाव्या कडेला एक टेम्पो उभा होता, त्याचे दार अर्धे उघडे. त्याला वळसा घालायला तिला थोडे उजवीकडे जाणे भाग होते. आणि त्याच वेळी उजवीकडून एक दुधाचा टँकर आम्हाला गाठत होता. त्याला टेम्पोच्या पलीकडच्या फाटकातून डावीकडे दूध डेअरीत शिरायचे होते.

मला त्याची घरघर खांद्याशी ऐकू आली. एवढी जवळ की माझी टाकी झणझणली.

ठिणगीने दिवा लावला. आरशात बघितले. रिकामा रस्ता. टँकरवाल्यानेही दिवा लावला, उंच बैठकीवरून आपल्या डाव्या आरशात बघितले. रिकामा रस्ता. दोघेही नियमाने वागले, मित्रांनो. तिला दिसलेल्या रिकाम्या जागेत टँकर होता आणि त्याला दिसलेल्या रिकाम्या जागेत आम्ही दोघी.

मी गळा फाडून ओरडले. ती उजवीकडे आली, तो डावीकडे आला. त्याच्या बंपरने माझी उजवी कूस चेपली, आणि त्या कुशीला तिचा पाय होता. मग आम्ही डाव्या अंगावर आपटलो आणि घसरत गेलो. तिचे हेल्मेट डांबरावर घासल्याचा आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे. ते हेल्मेट नसते तर पुढची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटली नसती. माझा डावा आरसा, तो फुगीर, सगळे बघणारा, त्याचा चुरा झाला. उजवा होता तसाच राहिला. त्यात आता आभाळ दिसत होते, नितळ आणि सरळ.

टँकरवाला खाली उडी मारून आला. "मी बघितलं होतं गं ताई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आईशप्पथ बघितलं होतं. तू नव्हतीस."

ठिणगी आपल्या बुटाकडे बघत होती. बूट ज्या दिशेला असायला हवा होता त्या दिशेला नव्हता.

मला ओढून अंगणात आणून टाकले. ती घरी आली तेव्हा काखेत कुबडी होती. पाय राहिला, पण उजवा घोटा आता वळत नाही, आणि माझा मागचा ब्रेक त्याच पायाने दाबावा लागतो. तिच्या आईने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. काचवाला दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत सुटला: टँकरवाला आंधळा, त्याला जेलमध्ये घाला.

आणि एक दिवस टँकरवाला स्वतः आला. अंगणाच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. "ताईला बघायला आलो, काका."

"आता बघतोस?" काचवाला म्हणाला. "तेव्हा डोळे कुठे गहाण टाकले होतेस?"

"बघितलं होतं, काका. आरशात नव्हती ती."

"खोटं. तिने बघितलं तेव्हा रस्ता रिकामा होता. तू मागून घुसलास. माझा आरसा खोटं बोलत नाही. थांब, दाखवतोच तुला."

त्याने मला स्टँडवर उभे केले आणि दुखऱ्या पाठीने माझ्यावर बसला. "ठिणगे, मागच्या भिंतीपाशी जा. तू टँकर आहेस असं समज. माझ्या उजव्या अंगाने चालत ये. मी बघतो."

ठिणगी गेली. कुबडी टेकत निघाली. ठक, ठक.

"दिसतेस," काचवाला आरशात बघून म्हणाला. "ऐकतोस ना रे? दिसतेय. अजून दिसतेय. दिसते..." तो थांबला. "कुठे गेलीस?"

"इथेच आहे, बाबा."

"थांबलीस कशाला? पुढे ये."

"पुढेच आहे मी."

आरशात भिंत होती, दोरीवरचे कपडे होते, पालथी बादली होती. सगळे सरळ, सगळे खरे. काचवाल्याने नजर तिथून हलवली नाही. फक्त उजवा हात हळूहळू बाजूला नेला, चाचपडत, आणि त्याची बोटे मुलीच्या बाहीला लागली. त्याने बाही मुठीत धरली. आरशात अजूनही बादलीच होती.

मग दारातून त्याची बायको म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे पोर हाताला लागतेय आणि तुमच्या आरशात नाही."

टँकरवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्याही दाराखाली आरशात न येणारा असाच एक खड्डा आहे, काका. तिथे अख्खं माणूस बुडतं. जरा वाकलो असतो तर दिसली असती."

काचवाल्याने पाना मागितला. ज्या हातातून कधी काच निसटली नाही, त्या हातातून पाना दोनदा पडला. तेव्हा ठिणगीने तो उचलला, कुबडी माझ्या टाकीला टेकवली आणि तो नट स्वतः सोडवला. "उगीच घट्ट आवळलात, बाबा," एवढेच ती म्हणाली. त्यावर तो लहान मुलासारखा रडला.

आता माझ्या दोन्ही हातांवर विकतचे फुगीर आरसे आहेत. धावायच्या कामाची मी राहिले नाही, पण वर बसून बघायच्या कामाची आहे. दुचाकीवरून कोणी काच घ्यायला आले की काचवाला आधी त्याला अंगणात आणतो. म्हणतो, "माप नंतर, आधी हिच्यावर बस." ठिणगी भिंतीपासून निघते. फुगीर आरशात ती पुष्कळ वेळ दिसते, पण शेवटी एक जागा येतेच जिथे ती त्यातूनही जाते. लोक हसत म्हणतात, "गायब झाली." ती म्हणते, "आता वळून बघा."

ते वळतात. कुबडी घेतलेली ती हाताच्या अंतरावर उभी असते. मग कोणी हसत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी माझ्यासारखी चालवाल, कोणी टँकर चालवाल. ज्याची गाडी मोठी त्याने जास्त वाकून बघावे, ज्याची लहान त्याने मोठ्याच्या दाराशी रेंगाळू नये. आणि आरसा कितीही चांगला असला तरी त्याच्यावर जीव सोपवू नका. मी यंत्र आहे, मला मान दिलेली नाही, म्हणून त्या दिवशी सगळे समजत असूनही मी समोर बघत राहिले. तुम्हाला दिली आहे. वळवत जा.