उभ्या बायकांच्या दुकानातले स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि आज मी थोडे रागातच बोलणार आहे. सुताराने मला उरलेल्या लाकडातून बनवले, तेव्हा चारही पाय नीट टेकतात का हे पाहायला तो स्वतः माझ्यावर बसला, जरा डुलला आणि म्हणाला, "झालं. आता कुणीही दमलं की बसा." मी ते खरे मानले.

मला एका मोठ्या कापडदुकानात नेले. डावीकडे पुरुषांचे कपडे आणि ते विकणारे पुरुष. उजवीकडे बायकांचे कपडे आणि ते विकणाऱ्या बारा बायका. माझी जागा डावीकडे होती. गिऱ्हाईक नसले की तिथला विक्रेता माझ्यावर बसून पेपर वाचायचा. उजवीकडच्या बायका मात्र सकाळी दहापासून दुकान बंद होईपर्यंत उभ्या. तागे तेवढेच जड, जिनाही तोच, पण त्यांना बसायची मनाई. का? तर देखरेख करणारा साहेब म्हणायचा, "बायका बसल्या की गप्पा सुरू होतात." तो पेपर वाचणारा दिवसभर निवडणुकीवर बडबडायचा, ते साहेबाच्या कानावर कधी पडले नाही.

बायकांचे पाय इतके सुजत की घरी जाताना चपलेत मावत नसत. त्यांनी एक युक्ती काढली होती. "अगं, माझी टाचणी पडली" म्हणायचे आणि काउंटरमागे वाकून अर्धा मिनिट उकिडवे बसायचे. दिवसभरात किती टाचण्या पडत, काही विचारू नका!

त्यांच्यात एक ठेंगणी, तिखट जिभेची बाई होती. सगळे तिला लवंगी म्हणत. तिची धाकटी जाऊही तिथेच कामाला होती. जावेला सातवा महिना लागला होता. एका दुपारी ती चक्कर येऊन काउंटरला धरून उभी राहिली. लवंगी तरातरा डावीकडे आली आणि तिने पेपरवाल्याला उठवून मला उचलून नेले. जाऊ माझ्यावर टेकली.

साहेब धावत आला. "ऊठ! गिऱ्हाइकं बघतायत."

"बघू द्या," लवंगी म्हणाली. "बाई बसली म्हणून धंदा बसत नाही, साहेब."

गिऱ्हाइके हसली. साहेब हसला नाही. जाऊ घाबरून उठली, आणि लवंगीला सांगण्यात आले, "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती आलीच, पण उघड्या दारासमोरच्या फुटपाथवर. सतरंजी पसरून बसली. दुपारपर्यंत सहा जणी काउंटर सोडून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. जाऊ घरीच पडून होती. उरलेल्या चौघींना घरची भीती होती. त्या काचेतून बघत आणि पटकन नजर वळवत.

चौथ्या दिवशी लवंगीची सासू आली. "घरी चल. शोभा झाली तेवढी पुरे."

"आई, तुम्ही तीस वर्षं गिरणीत उभ्या होतात. तुमचे गुडघे कुणी परत दिले का?"

"जरा सरक," म्हणत सासूबाई कण्हत कण्हत खाली टेकल्या. मला वाटले, दम खाताहेत. पण दिवे लागले तरी उठल्या नाहीत. जाणारा एक जण ओरडला, "घरी चूल कोण पेटवणार?" तशा सासूबाई म्हणाल्या, "तुला हात आहेत की, बाबा!"

एकावन्न दिवसांनी कामगार कचेरीचा हुकूम आला. विक्री करणाऱ्या प्रत्येक बाईला बसायला जागा द्यायची. दहा नवी स्टुले आली आणि मी अकरावे. सहाही जणींना परत घेतले. लवंगीला मात्र नाही. तिने शिस्त मोडली होती म्हणे! हुकुमात तिच्यासाठी एक ओळही नव्हती.

आणि पुढे ऐका. महिन्याभरात माझ्यावर चादरींचा गठ्ठा आला. "जागा कमी आहे," साहेब म्हणाला. कचेरीचा तपासनीस येणार असला की गठ्ठे उतरत, आम्हाला पुसत, बायकांना बसवून दाखवत. त्याची पाठ वळली की गठ्ठे परत जागेवर. तेवीस वर्षे हेच चालले आहे. आता साहेबांच्या जागी मॅडम आहेत. त्याही एकेकाळी याच काउंटरला उभ्या होत्या. त्या म्हणतात, "आम्ही नाही का उभ्या राहिलो?" हे ऐकले की माझे सांधे करकरतात. लवंगी दुकानोदुकानी फिरून बायकांना हा हुकूम वाचून दाखवते. तीन दुकानांत बायका खरोखर बसतात. आमच्या दारात तिला अजून अडवतात.

गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीने चादरींचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि ती माझ्यावर बसली. लगेच काउंटरवरचा फोन वाजला. वर कॅमेरा आहे ना!

"उठून बोल," मॅडमचा आवाज मलाही ऐकू आला.

मुलगी म्हणाली, "ऐकू येतंय, मॅडम. बसूनच बोलते."

तिचे पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. तुम्ही दुकानात जाल तेव्हा कापड दाखवणाऱ्या बाईला एवढेच विचारा, "ताई, तुम्हाला बसायला मिळतं का?" आणि जरा मोठ्याने विचारा. आत बसलेल्यांना ऐकू जायला हवे.