सहा मिनिटं चाळीस सेकंद

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. हे काही आडनाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी तिथे श्रोत्यांची पत्रं मोजली, आणि मोजणी अशी की सोनाराच्या काट्याने मान खाली घालावी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन आठ महिने. या आठ महिन्यांत त्यांना झोप नव्हती. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. दुपारी पाठ टेकली तर छताकडे बघत पडून राहायचं, एवढंच.

अशाच एका दुपारी केंद्रातल्या निवेदिकेचा फोन आला. काका निवृत्त झाले त्याच वर्षी ती कामाला लागली होती.

"काका, जुन्या दशकावर कार्यक्रम करतेय. पहिल्या नंबरावर आलेली सगळ्यात भिकार गाणी. श्रोत्यांनीच निवडलीत. तुम्ही स्टुडिओत या आणि त्या काळच्या गमती सांगा."

"सगळ्यात भिकार कोणतं ठरलं?"

"ओळखा बघू."

"छत्री," काका म्हणाले.

पलीकडे ती खळखळून हसली. "अकरा आठवडे, काका! अकरा आठवडे पहिला नंबर! लोकांच्या कानांना तेव्हा झालं तरी काय होतं?"

उत्तर काकांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"प्रत्येक गाणं तीस सेकंद वाजवायचं आणि मग भोंगा," ती सांगत होती. "भोंग्याचं बटण तुमच्या हातात देते. येणार ना?"

"येतो," काका म्हणाले. का म्हणाले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

गाणं भिकार होतं यात वादच नाही. एक मुलगा, एक मुलगी आणि एक छत्री. 'छत्री उघडली, छत्री मिटली' याच्या पुढे गोष्ट सरकायची नाही. गाणारा नाकात गायचा, मागे कुणीतरी डबा बडवत असल्यासारखा ताल, आणि शेवटी ती छत्री चोवीस वेळा उघडून चोवीस वेळा मिटायची. त्या वेळची बाकीची गाणी तीन मिनिटांत आटोपत. हे चालायचं सहा मिनिटं चाळीस सेकंद, आणि सगळी गोम तिथेच होती.

काका तेव्हा पंचविशीत होते. गाण्यांचे नंबर पोस्टकार्डांवर ठरत. एका माणसाचं एक कार्ड आणि तेही स्वतःच्या हाताने लिहिलेलं. एकाच हाताने दोन लिहिली तर दोन्ही बाद. एका आठवड्यात छत्रीसाठी गठ्ठाच्या गठ्ठा आला आणि ती पहिली ठरली. अक्षरं मात्र नंबर जाहीर झाल्यावर तपासली जात. नावं वेगळी, शाई कुठे निळी तर कुठे काळी, पण हात एकच. अक्षर लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. एका कार्डाला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. पत्ता सगळ्यांचा एकच, नदीपलीकडचा शर्टांचा कारखाना.

काका गठ्ठा काखेत मारून तिथे गेले. चोर पकडायलाच गेले होते. जेवणाची सुट्टी चालली होती. लांबच लांब खोली, शिलाई मशीनच्या दोन रांगा, भिंतीवर उंच ठेवलेला रेडिओ. काकांनी दारात उभं राहून एकेक नाव वाचलं. नाव वाचलं की एक हात वर व्हायचा. एक्केचाळीस नावं आणि एक्केचाळीस हात.

"मग लिहिलीत कुणी?"

"मी." काज-बटणाच्या टेबलावरची एक मुलगी उठली. तोंडात घास होता, तो तिने आधी सावकाश संपवला. "यातल्या निम्म्या जणींना लिहिता येत नाही. येतं त्यांच्या बोटांत दुपारपर्यंत पेन धरायची ताकद उरत नाही. म्हणून काय त्यांना मत नाही?"

"नियम आहे तसा."

"आमच्याकडेही एक नियम आहे. घंटा बिघडलीय आमची. मालक दुरुस्त करत नाही. मुकादम म्हणाला, एक वाजता रेडिओवर पहिल्या नंबराचं गाणं लागतं ना, ते संपलं की मशीनं सुरू. आता तुम्हीच सांगा साहेब, तीन मिनिटांचं गाणं पहिलं आणू की हे?"

काका काही बोलणार तेवढ्यात एक वाजला आणि छत्री उघडली. त्याबरोबर खोलीतल्या सगळ्या बायकांनी डोकी टेकली. कुणी मशीनच्या पाटावर, कुणी कापलेल्या कॉलरच्या ढिगावर, इस्त्रीवाली भिंतीला. ती मुलगीसुद्धा वाद अर्धा टाकून हातावर डोकं ठेवून झोपली. गाणं ऐकत कुणीच नव्हतं. ऐकणारे एकटे काका, दारात पोस्टकार्डं धरून उभे. शेवटची छत्री मिटली, तशी एक्केचाळीस डोकी एकदम वर आली आणि मशीनं सुरू झाली.

काकांनी ती कार्डं बाद केली नाहीत. पुढच्या आठवड्यात ऐंशी आली. काका पुन्हा गेले.

"एक्केचाळीस बायकांची ऐंशी मतं?"

"सासवा धरून," मुलगी म्हणाली.

"त्यातल्या दोघी तर वारल्यात असं कळलं."

"जिवंतपणी त्यांनी आम्हाला काही दिलं नाही," इस्त्रीवाली मागून ओरडली. "आता मत तरी देऊ दे की!"

सगळी खोली हसली. काकांनी सासवाही मोजल्या, मेलेल्या दोघींसकट. त्या अकरा आठवड्यांत एक खरोखर सुरेख गाणं दुसऱ्या नंबरावर अडकून पडलं आणि तिथेच विझलं, हेही त्यांना माहीत होतं. वर्षाच्या आत त्यांनी काज-बटणाच्या मुलीशी लग्न केलं. तिने पहिल्याच आठवड्यात शपथ घातली. "हे कुणाला सांगायचं नाही. नोकरी जाईल तुमची. आणि लोक तुम्हाला काटा म्हणतात, तो माझ्यापायी वाकडा व्हायला नको." पुढे आयुष्यभर ती शेजारणींना अभिमानाने सांगत आली, यांनी मोजलं म्हणजे मोजलं. काका तेव्हा पेपरात तोंड घालून बसत.

शेवटच्या आजारात तिला झोप लागत नव्हती. दुखणं उसंत देत नव्हतं. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, ते छत्रीचं लावा ना."

काकांना वाटलं, थट्टा करतेय. "आता या वेळी ते भिकार कशाला?" म्हणत त्यांनी बासरीची रेकॉर्ड लावली. चांगली, नावाजलेली. तिने उघड्या डोळ्यांनी ती सगळी ऐकली. "छान आहे हो," म्हणाली. दुसऱ्याच्या घरचा बेचव चहा छान म्हणतात तसं. तिसऱ्या दिवशी ती गेली. पुढे स्वतःची झोप उडाली तेव्हा काकांच्या ध्यानात आलं की तिला थोडं झोपायचं होतं. एवढी साधी गोष्ट, आणि तेव्हा ती त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जिन्यात इस्त्रीवाली भेटली. ती आता खालच्या मजल्यावर मुलाकडे राहत होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"रेडिओवर चाललात म्हणे?"

"भोंगा वाजवायला बोलावलंय. छत्रीवर."

ती कठड्याला धरून थांबली. "तिच्या गाण्यावर तुम्ही भोंगा वाजवणार?"

"खरं काय ते सांगावं म्हणतो. पण तिची शपथ आहे."

"ती नोकरीसाठी होती. नोकरी राहिली का आता?"

"नाव राहिलंय ना, वहिनी."

"मग घ्या ते नाव उशाला!" इस्त्रीवाली म्हणाली. "लागते का झोप त्याने, बघा."

स्टुडिओ तोच होता, फक्त खुर्च्या नवीन. काचेपलीकडे यंत्रांपाशी एक दाढीवाला तंत्रज्ञ बसला होता. निवेदिकेने माइकवर काकांची ओळख करून दिली. छत्तीस वर्षांत एका कार्डाची चूक न झालेला माणूस, असं म्हणाली. काकांनी मान खाली घातली. मग एकेक गाणी सुरू झाली. काका बरोबर तिसाव्या सेकंदाला बटण दाबत, भोंगा ओरडे आणि ती हसे. काकाही एकदोनदा हसले. एक गाणं तर असं होतं की त्यांनी विसाव्या सेकंदालाच दाबलं.

"आणि आता," ती म्हणाली, "भिकारांची महाराणी!"

छत्री उघडली. काकांचं बोट बटणावर होतं. तीस सेकंद झाले. पस्तीस झाले. तिने डोळ्यांनी खुणावलं. चाळीस झाले तेव्हा तिने स्वतःच हात पुढे केला. काकांनी बटण तळव्याने झाकलं.

"थांब, पोरी. हे गाणं पहिलं आलं नव्हतं. मी आणलं."

तिने काचेकडे बघून आवाज कमी करायची खूण केली. आणि काकांनी सांगितलं. बिघडलेली घंटा, मुकादम, एका हातची एक्केचाळीस कार्डं, सासवा. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. पत्रं मोजणाऱ्या माणसाला लांबण लावता येत नाही. "माझी बायको काज-बटणं करायची," शेवटी ते म्हणाले. "कार्डं तिने लिहिली, पण मोजली मी. ज्यांचं गाणं त्यापायी दुसरं राहिलं, त्यांची मी माफी मागतो. आजपासून मला काटा म्हणू नका."

 निवेदिका चाचरत म्हणाली, "पण काका, मग हे यादीतच बसत नाही. नियमाने ते पहिलं नव्हतंच. काढून टाकू?"

"काढ. नाहीतर भिकार म्हण, माझी ना नाही. फक्त अर्ध्यात तोडू नकोस. पूर्ण वाजावं, एवढ्यासाठीच त्यांनी ते पहिलं आणलं होतं."

तिने घड्याळाकडे बघितलं. पुढे बातम्या होत्या. तंत्रज्ञाने काचेपलीकडून खांदे उडवले, तुझं तू बघ. तिने माइक जवळ ओढला.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद आहेत," ती श्रोत्यांना म्हणाली. "ज्यांना डोकं टेकायचंय, त्यांनी टेका."

गाणं पहिल्यापासून लागलं. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, हाताची घडी घातली आणि तिच्यावर डोकं टेकलं. टेबल लाकडाचं होतं, थंड होतं. नाकातला तो आवाज, तो डबा, सगळं तसंच. शेवटाकडे छत्र्या सुरू झाल्या तशी काकांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. चौदा. पंधरा. सोळावी कुणी मोजली नाही.

गाणं संपलं. काका उठले नाहीत, बारीक घोरत होते. निवेदिकेने त्यांचा माइक हळूच बंद केला, भोंग्याचं बटण त्यांच्या कोपराजवळून अलगद सरकवून घेतलं आणि काचेकडे बघून एक बोट वर केलं.

"तेच?" तंत्रज्ञाने ओठांनीच विचारलं.

"तेच," ती म्हणाली. "बातम्या थांबतील."