ठमीचे कान

फोटोवाली बाई तबेल्यातले घोडे सांभाळणाऱ्या मामांना पहिल्या नजरेतच खटकली. तबेल्यात आल्यावर कुणीही आधी घोड्याच्या तोंडाकडे बघतो, आणि ही बया एकेकाचे पाय निरखत होती. मालकीणबाई तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होत्या. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मामांनी तेव्हाच ताडलं.

उगीच नव्हे. मालकीणबाईंचे वडील होते तेव्हाही असाच एक फोटोवाला आला होता. काळ्याला आडवं उभं केलं, चारही पाय दिसतील असं, आणि शेजारी माणूस नको म्हणाला. विकाऊ घोड्याचा फोटो असाच काढतात. पुढच्याच आठवड्यात काळ्या ट्रकमध्ये चढला, आणि मामा त्याच्या रिकाम्या ठाणावर बसून हमसून हमसून रडले.

आता पाळी ठमीची! ठमी म्हणजे पोट सुटलेली, तांबडी, थोराड घोडी. शिंगरू होती तेव्हापासून मामांनीच वाढवलेली. ती खिंकाळली की मामा धावलेच. मामी तर म्हणायच्या, "माझ्या हाकेला कधी असे धावला नाहीत!"

"मामा, हिला आडवी उभी करा," फोटोवाली म्हणाली, "आणि तुम्ही जरा बाजूला व्हा."

झालं! मामा मालकीणबाईंकडे वळले. "फोटो कशाला लागतात हो?"

"सांगते सावकाश," म्हणत मालकीणबाई मोबाइल कानाला लावून निघून गेल्या.

सावकाश म्हणजे ट्रक दारात आल्यावर, दुसरं काय!

घोड्याचे कान पुढे आले की फोटो देखणा येतो. त्यासाठी कॅमेऱ्यामागे उभं राहून कुणीतरी दाण्यांचा डबा वाजवायचा असतो. ते काम मामांकडे आलं. त्यांनी एका हातात डबा धरला, आणि दुसऱ्या हातात गुपचूप जंताच्या औषधाची पिचकारी. ठमीची जन्माची वैरीण ती! एरवी ती डॉक्टरांच्या हातात असायची, आणि मामा ठमीची मान कुरवाळत असायचे. आज मामांच्याच हातात ती दिसताच ठमीने कान मानेला चिकटवले, डोळे वटारले, दात विचकले. फोटोवाली पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली आणि मामा पुन्हा पुन्हा पिचकारी नाचवत राहिले.

"अगंबाई, चावते का ही?"

"चावते तर! लाथही मारते."

घ्या आता विकत, कोण घेतो ते! मामा दिवसभर शीळ घालत होते. संध्याकाळी ठमीने त्यांच्या हातून चारा घेतला नाही. रुसली असेल, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई उतरल्या चेहऱ्याने आल्या. "मामा, एवढे घोडे मला एकटीला झेपत नाहीत. बाकीचे दुसऱ्या तबेल्यात जातील. लहान मुलांच्या वर्गासाठी एकच घोडी ठेवायची होती, आणि माझ्या मनात ठमीच होती. पण हा असला फोटो मुलांच्या आईबापांना कसा दाखवू?"

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. "छे हो! ठमी म्हणजे अगदी गरीब गाय!"

"काल फोटोवालीला म्हणालात लाथ मारते, आज गाय झाली?" मालकीणबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमची माया बोलतेय, मामा. माझा नाही विश्वास बसत."

शेवटी मामांनी पिचकारी काढून दाखवली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मालकीणबाई आधी कडाडल्या, मग कपाळाला हात लावला, आणि फोटोवालीला पुन्हा बोलावणं धाडलं.

या खेपेला मामांनी खिसे उलटे करून झाडले. दोन्ही तळवे पुढे धरून, "ठमे, ए ठमाबाई," करत ते गेले. ठमीने त्यांना पाहिलं आणि कान मागे पाडले. ते जवळ आले तशी ती मागे सरली. नजर त्यांच्या हातांवरून हलेना.

"मामा, तुम्ही जरा दिसेनासे व्हा बघू," फोटोवाली हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मामा भिंतीआड गेले. डबा मालकीणबाईंनी वाजवला.

"वा! कान बघा कसे टवकारलेत! हाच फोटो!"

ठमी राहिली. मामांना हायसं वाटलं आणि रडूही आलं. डबा वाजायचा थांबला, फोटोवाली सामान आवरून गेली, तरी ते भिंतीआडच उभे होते.