पिवळ्या बटणाला हात न लावणारी टोळी

अर्धापूरच्या शिवारात गुणाबाईचा कोयता निघाला की केळीचे घड आपणहून मान खाली घालतात, असं म्हणतात. म्हणणारी गुणाबाईच असते, पण खोटं ठरवायला आजवर कुणी पुढं आलेलं नाही.

आठ बायांची तिची टोळी, ती नववी. घड कापायचे, फण्या धुवायच्या, खोकी भरायची आणि हाक मारून गाडी बोलवायची. यंदा मात्र व्यापारी विनोदशेठनं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. माल तयार झाला की बटण दाबायचं, गाडी बांधावर हजर. आठ दिवस झाले, एकीनंही दाबलं नव्हतं.

"बायकांना जमत न्हाई हे," विनोदशेठ म्हणाला. "आज एकेकीनं दाबून दाखवा. न्हाईतर उद्यापासून दुसरी टोळी."

एकवीस वर्षांत गुणाबाईच्या टोळीला 'जमत नाही' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

मोबाईलवर कुठलं बटण कुठं, केवढं, कुठल्या रंगाचं, हे ठरवणारी मनतशा त्याच दिवशी लातूरहून आली होती. ती सरळ बांधावर बसली.

"मावशी, बटण दिसत नाही का?"

"दिसतंय की. हळदीवानी पिवळंधमक."

"मग दाबत का नाही?"

"पिवळ्याला हात लावायचा न्हाई, पोरी. हिरवं हाय तवर माल. एक पिवळं केळ खोक्यात गेलं की सगळी गाडी वाटंतच पिकती. तारामतीच्या हातून एकदा गेलं, तर दिल्लीला पोचेस्तोवर ड्रायव्हरसुद्धा पिवळा झालता!"

"कावीळ झालती त्याला!" खोक्यांमागून तारामती ओरडली.

"तू गप."

मनतशानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! दोन महिने घालवले त्या रंगावर. उन्हात उठून दिसावा म्हणून."

"दिसतोय ना उठून. म्हणून तर आमी लांबून जातो."

मनतशा हसली, पण वाद घातला नाही. तिनं खोक्यावर लॅपटॉप उघडला. गुणाबाईनं कापलेलं केळ पडद्याला भिडवलं. "पोपटी न्हाई. हा हिरवा. आन लई मोठं कर. चिकानं बोटं माखली की मोबाईल वळखत न्हाई. कोपरानं दाबता आलं पायजे."

तासाभरात बटण हिरवं झालं, परातीएवढं झालं. विनोदशेठसमोर नऊ जणी ओळीनं उभ्या राहिल्या आणि नऊ कोपरं एकदम पडली.

नऊ गाड्या आल्या. रांगेचं शेपूट नांदेडच्या रस्त्याला लागलं. शेवटचा ड्रायव्हर तर जत्रा समजून नारळ घेऊनच उतरला.

"अगं, माल एका गाडीचा!" विनोदशेठ किंचाळला.

"तुमीच म्हणालात, एकेकीनं," गुणाबाई पदर खोचत म्हणाली. उद्याच्या दुसऱ्या टोळीचं नाव शेठनं पुन्हा काढलं नाही. आठ गाड्यांची समजूत घालण्यातच त्याचा दिवस गेला.

मनतशा ओशाळून वही काढत होती. गुणाबाई तिच्याशेजारी टेकली.

"एकीनं गाडी सांगितली की बाकीच्यांच्या मोबाईलवर दिसू दे, सांगितली म्हणून. लिही."

मनतशानं लिहिलं.

"आन कुणी सुचवलं त्येबी लिही. गुणाबाई. मुक्काम अर्धापूर." वहीत वाकून तिनं अक्षरांकडं पाहिलं. "हे बी जरा मोठं काढ."