आईला वगळून

एमआरआयचं मशीन चालवताना आजवर मी कितीतरी माणसांना ‘हलू नका’ म्हणून दटावलंय. पोटातल्या बाळाला कोण दटावणार?

त्या दिवशीच्या बाळानं तर नुसता उच्छाद मांडला होता. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल या बाळाला नसावा, अशी सोनोग्राफीत शंका आलेली. खात्री करायला बाईला माझ्याकडे धाडलं. मशीन पोटाच्या चित्राचा एकेक पातळ काप टिपतं. मधेच बाळ वळलं, की पुढचा काप भलतीकडचाच. असे विस्कटलेले काप जुळवून अख्खा मेंदू उभा करणारा प्रोग्रॅम माझ्या लेकीनं लिहिलाय. ती शेजारच्याच खोलीत बसते. तिच्या कामाचं इथे कुणाला काही पडलेलं नाही, आणि त्याचा मला भयंकर राग येतो.

प्रोग्रॅम चालला. पडद्यावर नुसता चिखल. बाई बाहेर नवऱ्याचा हात घट्ट धरून बसलेली.

“शंका कायम, असंच सांगावं लागेल,” चित्रं तपासणारे आमचे डॉक्टर म्हणाले.

“थांबा ना जरा! पळून जातंय का कुणी?” मी भडकले.

“आई, गप्प बस बघू.” लेक चित्र खालीवर करता करता थबकली. “बाईचा कणा बघ किती स्वच्छ आलाय! प्रोग्रॅम आईलाच जुळवत बसलाय गं. ती मोठी, स्थिर. बाळाकडे त्याचं लक्षच नाही.”

“मग आता?”

“आईला वगळायचं.”

प्रत्येक कापात बाळाच्या डोक्याभोवती तिनं हातानं रेघ ओढली, बाकीचं सगळं पुसलं. मी दोनदा चहा नेऊन ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. मग प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर एक इवलासा मेंदू उभा राहिला. डॉक्टरांनी तो तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिला.

“पूल आहे,” ते म्हणाले. “पूर्ण आहे.”

नवरा-बायकोला आत बोलावलं. पेशंटशी बोलायची मला सवय, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. जीभ शिवशिवत होती, खोटं कशाला बोलू? पण मी बाजूला झाले.

“ही माझी मुलगी,” मी म्हणाले. “हे तिनं केलंय. तीच दाखवेल.”

लेकीनं पडद्यावर बोट ठेवून पूल दाखवला. बाई रडता रडता हसली. “अहो, आत्तासुद्धा लाथा मारतंय!”

“मारू दे,” लेक म्हणाली. “हवं तेवढं हलू दे त्याला.”

जन्मभर ‘हलू नका’ म्हणत आलेली मी दारात उभी होते. ऊर नुसता भरून आला होता.